बुरशीनाशकापासून फंगीसाइडपर्यंत : अकरावीच्या एका वर्गातली शब्दांची फोड

जुलैत वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. तास संपल्यावर पिंपळगाव बसवंतची एक मुलगी मागे थांबली. जीवशास्त्राचं पुस्तक उघडून तिनं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "मॅडम, मी सायन्स सोडते. आर्ट्‌सला अजून जागा आहेत म्हणे."

ते पान मला अजून आठवतं. छापलेल्या प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीनं बारीक अक्षरांत उच्चार लिहिलेले होते. ट्रान्स्पिरेशन, जिम्नोस्पर्म, एकायनोडर्माटा. काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं, कागद तिथं पातळ झालेला. दोन-दोन तास बसून तिनं हे केलं होतं, आणि एवढं करूनही एकाही शब्दाचा अर्थ हाती लागला नव्हता. हीच मुलगी दहावीला विज्ञानात वर्गात पहिली होती. बाष्पोत्सर्जन म्हणजे काय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तिनं सांगितलं असतं. ट्रान्स्पिरेशन म्हणजे तेच बाष्पोत्सर्जन, एवढं मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हे प्रकरण त्या वर्गाचं आहे. नाशिकला पंचवटीत माझी संध्याकाळची लहानशी शिकवणी आहे. त्या वर्षी अकरावी विज्ञानाची चौदा मुलं होती आणि सगळी मराठी माध्यमातून आलेली. कोणी दिंडोरीहून, निफाडहून एसटीनं येणारी, कोणी सिडकोत मावशीकडे किंवा वसतिगृहात राहून सिटीलिंकच्या बसनं येणारी. एक मुलगा पेठ तालुक्यातला. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकायचं आणि अकरावीच्या पहिल्या दिवसापासून बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजीतून, हा उंबरठा आपल्याकडे दरवर्षी हजारो मुलं ओलांडतात. काही तिथंच अडखळतात. मी इंग्रजी शिकवते, पण या मुलांना माझ्याकडून निबंध आणि पत्रलेखन नको होतं. त्यांना जीवशास्त्राच्या पुस्तकातले शब्द हवे होते.

इंग्रजीतले शास्त्रीय शब्द बहुतांशी लॅटिन आणि ग्रीक मुळांपासून बनलेले असतात. मूळ, त्याच्या आधी उपसर्ग, नंतर प्रत्यय. ही रचना कळली की शंभर शब्द शंभर वेळा पाठ करावे लागत नाहीत. हे मला माहीत होतं आणि त्यावर माझा विश्वासही होता. चूक झाली ती पुढे.

मी साठ मुळांची आणि उपसर्गांची यादी काढून, झेरॉक्स करून सगळ्यांना वाटली. पोर्ट म्हणजे वाहून नेणे, स्पेक्ट म्हणजे पाहणे, डिक्ट म्हणजे बोलणे, रप्ट म्हणजे मोडणे, इन म्हणजे नाही, री म्हणजे पुन्हा. मुलांनी पंधरा दिवसांत यादी तोंडपाठ केली. पाठांतराला आपली मुलं कधीच घाबरत नाहीत. चाचणी घेतली, सगळ्यांना भरभरून गुण. मी खूश झाले. पुढच्या आठवड्यात न वाचलेला उतारा दिला आणि वर्ग होता तिथंच असल्याचं दिसलं. यादीतली मुळं उताऱ्यात समोर उभी होती, पण मुलांना ती ओळखू येत नव्हती. जिथं ओळखू आली तिथं वेगळीच अडचण. ‘रिस्पेक्ट’ म्हणजे काय, यावर एकानं लिहिलं, ‘पुन्हा पाहणे’. मी दिलेल्या यादीप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ‘अंकल’मध्ये ‘अन’ उपसर्ग शोधणारेही निघाले.

आणि मग टँकरचा दिवस आला.

मनमाडकडचा एक मुलगा होता. पानेवाडीच्या डेपोतून इंधनाचे टँकर निघतात, ते त्याच्या घरासमोरच्या रस्त्यावरून जातात. त्यानं विचारलं, "मॅडम, टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. इन म्हणजे नाही, फ्लेम म्हणजे ज्वाळा, एबल म्हणजे होण्याजोगं. म्हणजे अजिबात न पेटणारं ना? मग शेजारी बिडी ओढू नका असं कशाला लिहितात?"

त्यानं फोड अगदी बरोबर केली होती. अर्थ मात्र बरोबर उलटा लागला होता. या ‘इन’चा ‘नाही’शी संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘इनफ्लामारे’ म्हणजे पेटवणे, आग लावणे. तिथला ‘इन’ हा ‘आत’ या अर्थाचा. जखम सुजून लाल होते, आग-आग होते, त्याला जीवशास्त्रात ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात आणि मराठीत दाह म्हणतात, तेही याच मुळाचं. हा घोळ केवळ आपल्याच मुलांचा नाही. इनफ्लेमेबल वाचून लोक ‘न पेटणारं’ असं समजतील या भीतीनं विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मंडळींनी धोक्याच्या पाट्यांवर ‘फ्लेमेबल’ लिहायचा आग्रह धरला. आज इंग्रजीत इनफ्लेमेबल आणि फ्लेमेबल या दोन्हींचा अर्थ एकच आहे.

तो मुलगा वर्गात विचारता झाला म्हणून बरं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मुलांच्या हातात मी एक अवजार दिलं होतं आणि ते कुठं चालत नाही हे सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडून ती यादी परत घेतली.

साठपैकी काय ठेवायचं? अमेरिकेत तिसरी ते नववीच्या शालेय वाचनसामग्रीतल्या शब्दांची मोजदाद झालेली आहे. १९८४ साली विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी शालेय इंग्रजीत सुमारे ८८,५०० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, असल्याचा अंदाज मांडला. एवढे शब्द एकेक करून कोणताच शिक्षक शिकवू शकत नाही, म्हणून तर फोडीला महत्त्व. १९८९ साली झालेल्या दुसऱ्या एका मोजणीत उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी ५८ टक्के शब्दांत फक्त चार उपसर्ग आढळले : अन, री, इन (त्याची इम, इल, इर ही रूपं धरून) आणि डिस. वीस उपसर्गांत ९७ टक्के शब्द येतात. माझ्या यादीत हे चार आणि क्वचित भेटणारे पंधरा-वीस एकाच मापानं मोजलेले होते. मी ठरवलं, उपसर्ग मोजकेच घ्यायचे, आठवड्याला दोन मुळांच्या वर जायचं नाही, आणि मूळ कधीही एकटं शिकवायचं नाही. ते मुलांना आधीपासून माहीत असलेल्या शब्दातूनच बाहेर काढायचं.

माहीत असलेले शब्द म्हणजे कोणते, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते फवारणीच्या पत्रकावर मिळालं.

ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षपट्ट्यात फवारण्यांचा हंगाम चालू होतो. डावणी, भुरी, करपा या रोगांच्या मागे शेतकरी डोळ्यांत तेल घालून असतो. पेठ, सुरगाण्याकडची माणसं या दिवसांत कामासाठी दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. आमच्या वर्गातला पेठचा मुलगाही सुट्टीच्या दिवशी मोठ्या भावाबरोबर बागेत औषध मारायला जायचा. वर्गात तो सर्वांत कमी बोलायचा. एका सोमवारी त्यानं खिशातून औषधाच्या बाटलीसोबत येणारं पत्रक काढलं. घडी घालून घालून कोपरे फाटलेले, एका बाजूला निळसर औषधाचा डाग. एकाच कागदावर इंग्रजी, हिंदी, मराठी आणि आणखी दोन-तीन भाषा, मुंगीएवढ्या अक्षरांत. "मॅडम, यात तेच तेच सगळ्या भाषांत लिहिलंय. मी ओळी जुळवून पाहिल्या."

त्यानं फंगीसाइडखाली रेघ मारली होती आणि बुरशीनाशकाखाली रेघ मारली होती.

मी फळ्यावर दोन्ही शब्द वर-खाली लिहिले. फंगी, बुरशी. साइड, नाशक. मग दुसऱ्या कोणी इन्सेक्टिसाइड सांगितलं, कीटकनाशक. हर्बिसाइड, तणनाशक. पेस्टिसाइड. ‘साइड’ हे लॅटिन ‘कैडेरे’वरून, म्हणजे तोडणे, मारणे. शब्द पुढे येत गेले तशी मुलं उठून उभी राहून सांगायला लागली, कारण हे सगळे डबे त्यांच्या घरच्या शेडमध्ये रचून ठेवलेले होते. इतकी वर्षं ते हे शब्द बोलत होते, फक्त इंग्रजी म्हणून बोलत नव्हते, औषधाचं नाव म्हणून बोलत होते.

मग मागच्या बाकावरून हळू आवाजात एक शब्द आला, "सुइसाइड". वर्ग गप्प झाला. त्या चौदा घरांपैकी एका घरात काय घडलं होतं हे मला ठाऊक होतं, वर्गातल्या बऱ्याच जणांनाही ठाऊक होतं. ‘सुइ’ म्हणजे स्वतःचा, आपल्या ‘स्व’च्या नात्यातलं, एवढंच मी सांगितलं आणि फळा पुसला. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. तास संपल्यावर त्या मुलाशी बाहेर पायरीवर बसून बोलले. शब्दांची फोड करताना काही शब्द माणसांच्या आयुष्याला जाऊन लागतात. तिथं व्याकरण बाजूला ठेवता आलं पाहिजे, याची तयारी मी त्या आधी केलेली नव्हती.

पत्रकातला दुसरा शब्द ‘अँटीडोट’. ‘विषबाधा झाल्यास’ या मथळ्याखाली असतो. आपण त्याला उतारा म्हणतो. अँटी म्हणजे विरुद्ध, डोट म्हणजे दिलेलं. ग्रीकमध्ये ‘देणे’ या धातूपासून ‘डोसिस’ झालं, त्याचाच ‘डोस’. लॅटिनमध्ये त्याच घराण्यातून ‘डोनेट’ आला. संस्कृतमधलं ‘दा’ आणि आपलं ‘दान’ हीही याच घराण्यातली. डोस आणि दान एका घरातले आहेत हे सांगितल्यावर पेठचा मुलगा म्हणाला, "म्हणजे डोस पण देतातच की, मॅडम. घेतात कुठं?" आपण डोस ‘देतो’ असंच म्हणतो, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘डिसाइड’ मी मुद्दाम चार दिवसांनी घेतला. त्यातही तोच ‘कैडेरे’ आहे : तोडून टाकणे. निर्णय घेणे म्हणजे बाकीच्या वाटा कापून टाकणे. मराठीत आपण ‘एक घाव दोन तुकडे’ म्हणतो, म्हणून मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

यानंतर पिंपळगावच्या मुलीकडे वळते, कारण तिच्या पुस्तकानंच मला खरी वाट दाखवली.

तिचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मी मागवून घेतलं. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा उघडला. तिथं ‘कंटकचर्मी’ होतं. कंटक म्हणजे काटा, चर्म म्हणजे त्वचा. अकरावीच्या पुस्तकात एकायनोडर्माटा. ‘एकायनो’ म्हणजे काटेरी, ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. तीच फोड, तसाच क्रम, मराठी शब्द बनवणाऱ्यांनी ग्रीक शब्दाचे तुकडे सुटे करून एकेकाच्या जागी संस्कृत तुकडा बसवला होता. ‘आर्थ्रोपोडा’ म्हणजे संधिपाद, सांधे असलेले पाय. ‘हेमिकॉर्डाटा’मध्ये हेमि म्हणजे अर्ध आणि कॉर्ड म्हणजे रज्जू, म्हणून अर्धसमपृष्ठरज्जू. ‘जिम्नोस्पर्म’ म्हणजे अनावृत्तबीजी, उघडं बी. ग्रीक मंडळी जिथं उघड्या अंगानं व्यायाम करत त्या जागेला ‘जिम्नेशियम’ म्हणत, म्हणून आजची जिम. हे ऐकल्यावर जिम्नोस्पर्म हा शब्द वर्गातला एकही मुलगा पुन्हा विसरला नाही.

मग ती स्वतः गणिताकडे गेली. ‘जिऑमेट्री’, भूमिती. ‘ट्रिगोनोमेट्री’, त्रिकोणमिती. ‘पेरिमीटर’, परिमिती. एक-एक शब्द पुढे येत होता आणि तिचा आवाज चढत होता. "मॅडम, हे तर सगळं आपल्याकडे आहेच!"

आहेच. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं आणि शास्त्रीय परिभाषेचे कोश तयार झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत शास्त्र लिहिणारे हेच काम करत आले. पुष्कळदा आपण त्या शब्दांना अवघड, बोजड म्हणून नावं ठेवतो. पण मराठी माध्यमातल्या मुलाच्या डोक्यात दहावीपर्यंत हा नकाशा उतरलेला असतो. अकरावीत त्याला कोणी सांगत नाही की नकाशा तोच आहे, फक्त गावांची नावं दुसऱ्या लिपीत लिहिली आहेत. मला या साऱ्यात सर्वांत जास्त वाईट वाटलं ते याचंच. जे मूल आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून रडत होतं, त्याच्याकडे अर्धं उत्तर मराठीत तयार होतं.

उपसर्गाची कल्पनाही मराठीतूनच दिली. संस्कृतच्या तासाला शिकवला जाणारा एक जुना श्लोक आहे. उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीनं दुसरीकडे नेतो, जसे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. एकाच ‘हृ’ धातूचे पाच शब्द आणि पाचांचे अर्थ पाच दिशांना. ‘पोर्ट’चंही तसंच आहे : एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट. द्राक्षाच्या गावच्या मुलांना एक्स्पोर्ट शिकवावा लागत नाही. ‘एक्स्पोर्टचा माल’ आणि ‘लोकलचा माल’ हे त्यांच्या घरात रोजचं बोलणं. फक्त ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, हे सुटं करून दाखवायचं. रिपोर्ट म्हणजे बातमी वाहून परत आणणे. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणे, ‘सब’ या उपसर्गाचा ‘ब’ पुढच्या ‘प’शी एकरूप झालेला.

जाता जाता एक सांगते. आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं असतं. उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्याच्या जागेला उपाहारगृह म्हणतात, उप अधिक आहार. फोड करता आली की लेखन आपोआप सुधारतं, हे सांगायला मला ही पाटी इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

लेखनाचा मुद्दा मोठा आहे. मुलं ‘इल्लीगल’ लिहिताना एक ‘एल’ गाळायची, ‘इर्रेग्युलर’ला एक ‘आर’. पाठ करून काही उपयोग होत नव्हता. मग संधी आठवायला सांगितली. उत् अधिक लेख, उल्लेख. उत् अधिक लंघन, उल्लंघन. पुढच्या ‘ल’मुळे ‘त्’चा ‘ल्’ होतो आणि ल जोडाक्षरात जातो. इंग्रजीत ‘इन’ पुढे ‘लीगल’ आला की ‘इन’चा ‘इल’ होतो, म्हणून दोन एल. ‘रेग्युलर’ आला की ‘इर’, म्हणून दोन आर. ‘पॉसिबल’ आला की ‘इम’, जसं सम् अधिक पूर्ण म्हणजे संपूर्ण, उच्चारात ‘सम्पूर्ण’. जिभेचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो. अन् अधिक अंत, अनंत, पण अशक्यमध्ये नुसता अ. ‘नाही’ या अर्थाच्या ग्रीक उपसर्गाचं हेच वळण आहे : स्वराच्या आधी ‘अन’, व्यंजनाच्या आधी बहुधा ‘अ’.

१७८६ साली विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असं मांडलं, हे मी वर्गात सांगितलं. परि आणि पेरि, अंतर आणि इंटर, पाद आणि पेड, दंत आणि डेंट ही भावंडं मुलांनी भराभर वहीत उतरवली. इथं पुन्हा सावध राहावं लागलं. एक मुलगा उत्साहानं म्हणाला, "मॅडम, संत आणि सेंट पण एकच." दोन्ही शब्द सारखे दिसतात, अर्थही जवळजवळ एक, पण नातं नाही. इंग्रजीतला सेंट लॅटिन ‘सांक्टस’वरून आला आणि आपला संत ‘सत्’वरून. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीशी दरवर्षी जाणाऱ्या त्या मुलाला हे पटायला वेळ लागला.

मात्र हा मराठीचा पूल सगळ्यांसाठी सारखा नव्हता. पेठच्या मुलाच्या घरी कोकणा बोली बोलतात. त्याला प्रकाशसंश्लेषण आणि फोटोसिंथेसिस हे दोन्ही शब्द सारखेच परके. पिंपळगावची मुलगी ज्या आनंदानं कंटकचर्मीवर उडी मारायची, तसा तो मारू शकत नव्हता, आणि दोन-तीन तास मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तो गप्प बसून फळ्यावरचं उतरवून घ्यायचा. संस्कृत शब्द म्हणजेच मराठी, असं मी धरून चालले होते. त्याचा पूल वेगळा होता आणि तो त्यानं स्वतःच शोधला होता : ते पत्रक, टेम्पोवरची अक्षरं, औषधाच्या डब्यावरची ‘एक्स्पायरी’. मग त्याच्यासाठी आम्ही ‘स्पिर’ हे मूळ तिथूनच काढलं. स्पिर म्हणजे श्वास घेणे. एक्स्पायरी म्हणजे श्वास सोडणे, म्हणून संपणे. रेस्पिरेशन म्हणजे पुन्हा पुन्हा श्वास घेणे. पर्स्पिरेशन म्हणजे त्वचेतून बाहेर येणारा घाम. ट्रान्स्पिरेशन म्हणजे पानातून आरपार बाहेर पडणारी वाफ. ज्या शब्दावर पिंपळगावची मुलगी जुलैत अडली होती, तो नोव्हेंबरात तिला पेठच्या मुलानं समजावून सांगितला, औषधाच्या डब्यापासून सुरुवात करून.

पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहायची सवय मोडायला सगळ्यात जास्त दिवस गेले. देवनागरी आवाज लिहिते, इंग्रजी लेखन पुष्कळदा मूळ जपून ठेवतं. ‘नेशन’ आणि ‘नॅशनल’ देवनागरीत लिहिले की दोन वेगळे शब्द दिसतात, इंग्रजी अक्षरांत एकाच घरचे दिसतात. ‘साइन’मध्ये ‘जी’ उच्चारत नाहीत म्हणून मुलांना तो निरर्थक वाटायचा. पण ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये तोच ‘जी’ बोलतो. सही करणारा आणि सिग्नलला थांबणारा एकाच मुळाशी येतात. ‘सायन्स’ आणि ‘कॉन्शस’ ऐकताना दूर, लिहिताना एस-सी-आय दोघांत एकच, जाणणे या अर्थाचं. मी नियम केला : शब्दाच्या वर उच्चार लिहायचा नाही. शब्दाच्या खाली, मुळाखाली फक्त एक रेघ मारायची. पहिले आठ दिवस तक्रारी झाल्या, दोघी चोरून उच्चार लिहीत राहिल्या. मी त्यांना रागावले नाही. आधार एकदम काढून घेतला की मूल पडतं.

शेवटी राहिले फसवे शब्द. टँकरच्या प्रसंगानंतर प्रत्येक मुळाबरोबर त्याचा फसवा जुळाही शिकवायचा, असं मी ठरवून टाकलं. ‘होमोझायगस’मधला ‘होमो’ ग्रीक, अर्थ सारखा. ‘होमो सेपियन्स’मधला ‘होमो’ लॅटिन, अर्थ माणूस. एकाच पुस्तकात दोन्ही भेटतात. ‘पेडल’मध्ये पाय, पण ‘पेडियाट्रिशियन’मध्ये मूल. ‘व्हिटॅमिन’मध्ये जीवन, लॅटिन ‘व्हिटा’, १९१२ साली कॅसिमिर फुंक यांनी बनवलेला शब्द. नाशिकच्या मुलांसमोर ‘व्हिटिकल्चर’ आला तेव्हा चौघांनी लिहिलं, जीवनाची शेती. ‘व्हिटिस’ म्हणजे द्राक्षवेल. ॲग्रिकल्चर, हॉर्टिकल्चर आणि व्हिटिकल्चर, तिघांत कल्चर म्हणजे मशागत. निफाडच्या मुलाला हा अर्थ सांगितल्यावर तो म्हणाला, "बरोबरचं शिकवण्याऐवजी चुकलेलं विचारत जा, मॅडम. ते जास्त लक्षात राहतं." तेव्हापासून मी वर्गात आधी अंदाज विचारते, मग ते अंदाज वाक्यात बसवून पाहायला सांगते, आणि वाक्य कुरकुरलं की कोश उघडायचा. मूळ अंदाज देतं, निकाल वाक्य देतं, हे मुलांच्या तोंडी बसलंय.

फेब्रुवारीत मी पुन्हा न वाचलेला उतारा दिला, प्राण्यांच्या प्रजननावरचा. ‘ओव्हिपॅरस’ आणि ‘व्हिव्हिपॅरस’ हे दोन शब्द कोणीच आधी पाहिलेले नव्हते. बहुतेकांनी ‘ओव्ह’ला अंड्याशी जोडलं, कारण ‘ओव्हरी’ आणि ‘ओव्हम’ भेटले होते. ‘व्हिव्ही’ला सहा जणांनी व्हिटॅमिनशी जोडून ‘जिवंत’ असं लिहिलं. पेठच्या मुलानं लिहिलं, ‘अंडी देणारे, आणि दुसरा बहुतेक पिल्लू देणारे, पण पॅरस नक्की माहीत नाही.’ मला त्या ‘पण’चा सर्वांत जास्त आनंद झाला. जुलैत त्यानं कोरं सोडलं असतं, सप्टेंबरात ठामपणे चुकीचं लिहिलं असतं. वर्गात दोघं-तिघं अजूनही मागे आहेत. त्यांना इंग्रजी वाक्यच कळत नाही, तिथं शब्दाची फोड करून काही होत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वाट लागेल आणि ती मला अजून सापडलेली नाही.

पिंपळगावच्या मुलीनं आर्ट्‌सला बदली घेतली नाही. मार्चमध्ये घरच्या बागेची काढणी चालू होती म्हणून ती आठवडाभर येऊ शकली नाही. एका संध्याकाळी तिचा फोटो आला. माल भरायच्या पुठ्ठ्याच्या पेटीवरचा इंग्रजी छापील शब्द, ‘पेरिशेबल’, आणि खाली तिचा मजकूर : "मॅडम, एबल कळलं. पेरिश कोशात पाहिलं. नाशवंत. पण मग पोर्टेबलला वाहवंत का म्हणत नाहीत?"

मी तिला लिहिलं, सोमवारी ये, फळ्यावर ‘वंत’चे जेवढे शब्द सापडतील तेवढे लिहू आणि शेजारी ‘एबल’चे. सोमवारी ती आली, येताना द्राक्षांची एक पाटी घेऊन. आम्ही धनवंत, गुणवंत, नाशवंत, कीर्तिवंत लिहिले आणि पाहिलं की ‘वंत’ जे आहे ते सांगतो, ‘एबल’ जे होऊ शकतं ते सांगतो. मग नाशवंतचं काय करायचं, यावर अर्धा तास वाद झाला. पेठच्या मुलाचं म्हणणं पडलं की नाश तर आतच असतो, म्हणून वंत.